कानात सांगायचं नाव

कतारहून परत आल्यापासून लोक मला ठरावीक प्रश्न विचारतात. उकाडा कितपत होता? वर्ल्ड कपचं स्टेडियम पाहिलंस का? सोनं आणलंस? माझी उत्तरंही आता ठरून गेली आहेत. उकाडा भयंकर. स्टेडियम लांबून, ट्राममधून. सोनं नाही. मग कुणीतरी उत्साहाने "बाळाचं नाव काय ठेवलं?" असं विचारायला तोंड उघडतं आणि मध्येच थांबतं, कारण शेजारच्या बाईने त्याला कोपराने ढोसलेलं असतं.

त्यापेक्षा मी लिहूनच टाकते. मी नाव ठेवायला गेले होते आणि ठेवून आले.

आमच्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. बारशाला पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं, आणि त्याच क्षणी मागे उभ्या असलेल्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. धपाटे कशासाठी, हे मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही. पण त्यांच्याशिवाय नाव पक्कं होत नाही, एवढं लहानपणापासून ठाऊक आहे. निखिल माझा एकुलता एक धाकटा भाऊ. लुसैलमध्ये इंजिनियर आहे. त्याची बायको निनो जॉर्जियाची, दोह्यातल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर होती. त्यांच्या लग्नात मला काहीच करायला मिळालं नव्हतं, कारण लग्न तिकडेच झालं, सही करून. तेव्हा बारसं माझं, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं.

निखिलचा फोन आला, "ताई, मुलगी झाली. जरा लवकर झाली. तू ये."

मी त्या "जरा"वर विश्वास ठेवला आणि बॅग भरायला घेतली. आईने शिवलेली दुपटी. कुंची. मनगट्यांसाठी काळे मणी. घुगऱ्यांसाठी हरभरे. आळीव, सुंठ. डिंकाचे लाडू, खसखस न घालता, कारण खसखस तिकडे चालत नाही आणि विमानतळावर अडकवतात. नावांचा कागद वेगळा, तीन रकान्यांचा: नाव, अर्थ, परदेशी माणसाला उच्चारता येईल का. आईचे गुडघे गेलेले, तिला प्रवास जमणार नव्हता. ती दारातून म्हणाली, "देवाचं ठेव गं एखादं." मी देवाची सहा नावं आणखी लिहिली.

ओल्ड एअरपोर्ट

विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. काही दिसेना. आधी निखिलचा आवाज ऐकू आला. चष्मा पुसून पाहिलं, तर दाढी वाढलेली आणि शर्टाचं बटण एक घर चुकलेलं. मी ट्रॉली तिथेच थांबवली.

"जरा लवकर म्हणजे किती लवकर रे?"

"गाडीत बस आधी."

"निखिल."

"सहावा संपला होता नुकता," तो म्हणाला. "यल्ला, चल ना ताई, मागे गाड्या थांबल्यात."

गाडीत त्याने सगळं सांगितलं, नजर रस्त्यावर ठेवून, साहेबाला रिपोर्ट द्यावा तसं. वजन किलोच्या आत. श्वास मशीनवर. डॉक्टर चांगले आहेत, पण आजचं तेवढंच सांगतात, उद्याचं विचारलं की इन्शाल्ला म्हणतात.

"फोनवर का नाही बोललास?"

"तू आईला सांगितलं असतंस."

हे खरं होतं. माझ्या मांडीवर हँडबॅग होती आणि तिच्यात ती कुंची. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचं माप धरून शिवलेली.

ओल्ड एअरपोर्ट हा आपल्याकडच्या कुटुंबांचा भाग. खाली किराणा दुकान, तिथे पोहे आणि मेतकूटसुद्धा मिळतं. सकाळी शाळेच्या बसेसची रांग लागते. निखिलचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. दार उघडलं ते निनोच्या आईने. माझ्याहून हातभर उंच, पांढरे केस बारीक कापलेले, दोन्ही हात पिठाने भरलेले. तिने ते हात बाजूला धरले, वाकून माझ्या गालाचा एकच मुका घेतला आणि म्हणाली, "मामिदा!"

मला वाटलं, ही मला मामी समजतेय. निखिलने सांगितलं, त्यांच्यात मामा म्हणजे बाप आणि दा म्हणजे बहीण. मामिदा म्हणजे बापाची बहीण. मला एकदम बरं वाटलं. इंग्रजीत मावशी, काकू, आत्या आणि शेजारीण सगळ्या आंटीच. या लोकांनी आत्यासाठी स्वतंत्र शब्द ठेवलाय, म्हणजे माणसं विचारी आहेत. आणखी एक कळलं. त्यांच्यातही हो म्हणजे हो. पहिल्या दिवशी आम्हा दोघींना समाईक शब्द तेवढा एकच होता, बाकी सगळं तिच्या मोडक्या आणि माझ्या शाळेतल्या इंग्रजीवर.

तिचं नाव म्झिया. डोंगरातल्या एका गावी शाळेत पीटी शिकवायची, आता तिथेच पर्यटकांना खोल्या देते. तिने चीज भरलेली रोटी वाढली, भाकरीएवढी जाड, वर अंडं फोडलेलं. मी तिला डिंकाचा लाडू दिला. तिने चावला, थबकली, विचारलं, "औषध?"

"बाळंतिणीचं."

"मग ठीक," म्हणाली आणि निनोसाठी दोन बांधून ठेवले.

संध्याकाळी मी दिवा लावला तेव्हा स्वयंपाकघरात दोऱ्याला टांगलेल्या तपकिरी, जाड मेणबत्त्या दिसल्या. तिने देवासाठी आणल्या असतील, असं समजून दोन काढल्या आणि निखिलच्या देवांपुढे ठेवल्या. वात कुठे सापडेना. म्झिया आली, पाहिलं, आणि हसत हसत जमिनीवरच बसली. ते खायचं होतं: अक्रोड दोऱ्यात ओवून द्राक्षाच्या आटवलेल्या रसात बुडवून वाळवलेले. "तुझा देव खाईल," ती म्हणाली, "आमच्या देवापेक्षा त्याचे दात चांगले आहेत." त्या घरात त्या आठवड्यात कुणी मोठ्याने हसलं असेल, तर ते तेव्हाच.

हॉस्पिटल

आईशिवाय एका वेळी आणखी एकाच नातेवाइकाला आत सोडत. कोपरापर्यंत हात धुवायचे, अंगठ्या-बांगड्या काढायच्या, वरून गाऊन. माझ्या हिरव्या बांगड्या निघेनात. साबण लावून काढल्या आणि पर्समध्ये टाकल्या.

निनो काचेच्या पेटीशेजारी खुर्चीत बसली होती. मला पाहून तिने निखिलने शिकवलेलं वाक्य म्हटलं, "ताई, जेवलीस?" मी हो म्हटलं. तिने मान डोलावली आणि परत पेटीकडे पाहू लागली.

बाळ म्हणून ज्याची आपल्याला सवय असते, तसं ते नव्हतं. माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत मावेल एवढं अंग, कातडीखाली सगळ्या शिरा दिसत होत्या. तोंडात नळी, नळीवर पट्ट्या, डोळ्यांवर कापड. चेहरा दिसतच नव्हता. मी कान शोधला. शेवटी माझं काम कानाशी होतं. तो अजून पुरता उमलला नव्हता, ओल्या कागदासारखा डोक्याला चिकटला होता. पेटीवरच्या कार्डावर इंग्रजीत लिहिलं होतं, "निनोचं बाळ". शेजारच्या पेटीवर आणखी कुणाचं तरी बाळ. सगळ्या रांगेत एकालाही नाव नव्हतं.

नर्स केरळची. तिने हिंदीत विचारलं, "आप बुआ हैं? नाम लेके आए?"

"बहुत सारे," मी म्हटलं.

बाहेर आले तर म्झिया काचेला कपाळ लावून उभी. तिची पाळी होती, तरी आत न जाता ती काचेतूनच पुटपुटत होती, "जाघ्लिका, जाघ्लिका." ज जहाजातला, घ घशातून. ऐकायला फार गोड वाटलं. निखिलची गाडी येईपर्यंत मी ते माझ्या कागदावर लिहिलंसुद्धा. अर्थाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह ठेवलं.

पुन्हा ओल्ड एअरपोर्ट

त्यानंतरचे दिवस एकसारखे गेले. सकाळी डबा करायचा, निनोला पोचवायचा, पाळीने आत जायचं, दुपारी उन्हात बाहेर थांबणं अशक्य म्हणून घरी यायचं. खिडकीखाली खजुराची झाडं होती, घोसांवर जाळी बांधलेली. दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नसे. घरात नुसतं एसीचं घरघरणं आणि आम्ही दोघी.

मला रिकामं बसवत नाही. मी म्झियाला म्हटलं, तुमच्याकडची नावं सांग, मी तक्ता करते. दोन्हीकडे चालेल असं नाव शोधायचं.

"दोन्हीकडे कुठलं," ती म्हणाली. "कागद इथला होणार. तीनकडे."

तिची नावं मी अजून विसरलेले नाही. तिचं स्वतःचं म्झिया सूर्यावरून, म्झे म्हणजे सूर्य. म्झेकाला म्हणजे सूर्याची बाई. त्सिसाना आकाशाची. त्सिआला म्हणजे चमक. हा त्स मी चमच्यातला च म्हणून सहज उच्चारला, तेव्हा तिने मला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. हॉटेलात निनोबरोबरच्या कुणालाच तो जमत नसे. मग बाहेरून आलेली. तामार हिब्रूतून, अर्थ खजुराचं झाड. "इथे तर रस्तोरस्ती तामार," ती खिडकीकडे हात करून म्हणाली. गिओर्गी ग्रीकांकडून, अर्थ शेतकरी, आणि त्यांच्याकडे दर चौथा पुरुष गिओर्गीच. केतेवान आणि रुसुदान पर्शियातून.

"पर्शियावाले तुमच्याकडे काय करत होते?" मी विचारलं.

"लुटत होते. गावं जाळली. नावं चांगली होती, ती आम्ही ठेवून घेतली."

मी तिला आमचे हैबतराव, दौलतराव आणि साहेबराव सांगितले. तेही तिकडूनच आलेले. तिला साहेबराव फार आवडला. म्हणाली, मुलगा असता तर हेच.

"आणि निनो?"

"एका संतिणीचं. फार जुनं. अर्थ कुणालाच माहीत नाही. पण हाक मारली की पाच पोरी वळतात."

एकेक नाव मी तक्त्यात भरत होते. म्झियामधल्या म आणि झ यांच्यामध्ये आईने हमखास इ घातली असती, म्हणून 'आईला जमेल का' या नव्या रकान्यात फुली. त्सिआला बरोबर. तामारला प्रश्न. शेवटी मी म्हटलं, "आणि तुझं ते जाघ्लिका? अर्थ काय?"

"कुत्रा," ती म्हणाली. "छोटा कुत्रा."

मी पेन खाली ठेवलं. तेव्हाच शेजारच्या रुबिनाभाभी आल्या होत्या, रत्नागिरीकडच्या, नवरा इथे दुकानात हिशेब बघतो. पहिल्या दिवसापासून त्या रोज काहीतरी आणून ठेवत. त्यांच्यासमोर मी फार वाईट बोलले. माझ्या भाचीला, जगण्यासाठी धडपडणाऱ्या पोरीला, तिची स्वतःची आजी कुत्रा म्हणते? आमच्याकडे हे चालणार नाही. बारसं माझं आहे. म्झियाला अर्धं कळलं नसेल, पण आवाज कळला. तिने तोंड फिरवलं आणि कणीक मळायला लागली.

रुबिनाभाभींनी भांडं ओट्यावर ठेवलं. "ताई, एक बोलू? रागवू नका. आमच्या वाडीत तीन धोंडू होते. दगडू एक वेगळा. आईबापानं काय हौसेनं ठेवलं होतं काय वो?"

माझ्या सख्ख्या आजोबांचं नाव केरू होतं. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून हे जन्मल्याबरोबर त्यांना केरावर ठेवलं आणि शेजारणीने उचलून आणून दिलं. हे आमचं नव्हे, केरातलं आहे, कुणी नेण्यासारखं नाही. आम्ही भावंडं लहानपणी त्या नावाला हसायचो. निखिल तर शाळेत आजोबांचं नाव कैलास सांगायचा.

मी हे म्झियाला सांगायला लागले. केर कसा सांगावा ते सुचेना, म्हणून कचऱ्याचा डबा उघडून दाखवला. तिने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"जगला?" तिने विचारलं.

"ऐंशीच्या वर."

"माझा मोठा भाऊ म्गेलिका. लांडग्याचं पिल्लू. आमच्या डोंगरात मुलग्यांना ठेवत. जगलाय. अजून जगतोय, रोज फोनवर भांडतो." मग हळूच म्हणाली, "मुलीला नाही ठेवत. पण तो न्यायला येतो, तो काय वाकून बघतो का, मुलगा की मुलगी?"

त्या दुपारी आम्ही दोघींनी ठरवलं. बाळ घरी येईपर्यंत खरं नाव ठेवायचं नाही. कार्डावर आहे ते राहू दे. म्झिया जाघ्लिका म्हणेल, मी काहीच म्हणणार नाही. मी तक्ता घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला आणि चेन लावली. रुबिनाभाभी म्हणाल्या, "आमच्यात तर जन्मल्याबरोबर कानात अजान देतात." मग त्यांनी आणलेलं आमच्या भांड्यात काढून ठेवलं.

मग म्झियाला बारशाबद्दल सगळं ऐकायचं होतं. पाळणा, घुगऱ्या, कुर्रर्र आणि धपाटे. धपाट्यांवर ती अडून बसली.

"तू नाव सांगणार आणि तुलाच मार?"

"हो."

"कोण मारणार?"

"इथे कोण आहे? तू आणि रुबिनाभाभी."

तिने पिठाचा हात वर उचलून दाखवला. "मी व्हॉलीबॉल शिकवायचे. मामिदा, पाठ घट्ट करून ये. मी हळू मारत नाही."

लुसैल

एक दिवस बरा गेला. मशीनचा जोर थोडा कमी केला तरी बाळाने सोसलं. निखिल म्हणाला, निनो कितीतरी दिवसांत हॉस्पिटलच्या बाहेर आलेली नाही, आज तासभर तरी तिला बाहेर काढू. आम्ही चौघं लुसैलला गेलो.

लुसैल पाहण्यासारखं आहे, असं मी सगळ्यांना सांगते. उंच काचेचे टॉवर, गुळगुळीत रस्ते, नवी कोरी ट्राम, आणि ट्राममध्ये जवळजवळ आम्हीच. लांबून स्टेडियम सोनेरी दिसतं, मोठ्या वाटीसारखं. निखिल आपली इमारत दाखवत होता, त्यातलं अमुक काम आमचं, तमुक आमचं. कुणी ऐकत नव्हतं. संध्याकाळ झाली तरी बाकं तापलेली होती. पाण्याच्या कडेला म्झियाने पिशवी अंथरली आणि निनोला बसवलं.

निनो पाण्याकडे बघत म्हणाली, "मी तिचं नाव ठरवलंय. इआ."

"म्हणजे?" मी विचारलं.

"फूल. जांभळं, एवढंसं. आईच्या घरामागे जंगलाच्या कडेला येतं. बर्फ पूर्ण गेलेलाही नसतो, तेव्हा. सगळ्यांच्या आधी."

मी आणि म्झियाने एकमेकींकडे पाहिलं. म्झिया जॉर्जियनमध्ये भराभर बोलली. मी माझ्या पद्धतीने मुद्दे मांडले. एक, नाव घरी आल्यावर. दोन, असं लवकर ठेवणं बरं नसतं, दोन्हीकडच्या मोठ्यांचं तेच म्हणणं आहे. तीन, इआ हे नाव नव्हे, हाक आहे. तोंड उघडावं तर संपलंच. शाळेत मुलं काय म्हणतील, कागदावर अर्धवट दिसेल. आपल्याकडे त्सिआला आहे, छान आहे, भरलेलं आहे.

"ताई," निनो म्हणाली, "नर्स तिला बेबी म्हणते. शेजारच्या पेटीतल्यालाही बेबी म्हणते. मी रात्रंदिवस तिथे बसते आणि मला तिला हाक मारता येत नाही."

"थोडे दिवस," मी म्हटलं.

"तुम्ही दोघी कुठल्या कुठल्या," ती म्हणाली. "आणि भीती मात्र अगदी एकसारखी." तिने निखिलकडे पाहिलं. तो पाण्यात बघत होता. त्याला आमच्यापैकी कुणाच्या विरुद्ध जायचं नव्हतं, लहानपणापासून त्याचं हेच.

"ठीक," निनो म्हणाली. "घरी आल्यावर."

परतताना ट्राममध्ये मला हलकं वाटत होतं. एक वादाचा विषय नीट मार्गी लागला, असं मला वाटलं. खरोखर मला तसंच वाटलं होतं, म्हणून लिहिते.

हॉस्पिटल

इन्फेक्शन झालं, असं डॉक्टरांनी सांगितलं. इतक्या लहान बाळांमध्ये होतं, फार भराभर पसरतं. ते समजावून सांगत होते आणि मी मान हलवत होते. दुपारी निखिलचा फोन आला, "ताई, तुम्ही दोघी या." बाकी काही बोलला नाही. रुबिनाभाभींच्या नवऱ्याने आम्हाला सोडलं. वाटेत कुठल्याशा मशिदीतून बांग चालू होती, आणि म्झियाने माझा हात धरला होता तो उतरेपर्यंत सोडला नाही.

त्या दिवशी कुणी पाळ्या लावल्या नाहीत. आम्हा सगळ्यांना एका छोट्या खोलीत नेलं. नर्सने विचारलं, कपडे आणलेत का. मी पर्समधून कुंची काढली. ती बाळाच्या पोटापर्यंत येईल एवढी मोठी होती. ती परत पर्समध्ये ठेवली आणि आईचं दुपटं दिलं. ते चार पदरी गुंडाळावं लागलं.

मग नर्सने बाळ निनोच्या हातात दिलं. नळ्या नव्हत्या, पट्ट्या नव्हत्या. तेव्हा मला तिचा चेहरा पहिल्यांदा दिसला. निखिलचं नाक होतं. हनुवटी आमच्या आईची. इतकं सगळं तयार होतं आणि आम्हाला माहीतच नव्हतं.

कुणी रडत नव्हतं. निखिल भिंतीला टेकून खाली बसला होता. निनो बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, आता घाबरायचं काही कारण नाही ना?"

मी मान डोलावली.

"मग आता ठेव."

मी निखिलकडे पाहिलं. तो वर न बघता म्हणाला, "तुझा मान आहे, ताई."

पर्समध्ये तक्ता होता, चेन लावलेला. मी तो काढला नाही. बांगड्या काढायच्या राहून गेल्या होत्या, त्या हाताने मागे सारल्या आणि वाकले. पाळणा नव्हता, निनोचा हात होता. दुपटं बाजूला केलं. कान अजूनही तसाच होता, डोक्याला चिकटलेला. मी त्याच्याजवळ तोंड नेलं आणि कुर्रर्र केलं. माझा आवाज फुटला, म्हणून पुन्हा केलं. मग नाव सांगितलं.

"इआ."

तोंड उघडलं आणि संपलं. लुसैलला मी म्हटलं होतं तसंच. मी तिला ते आणखी एकदा सांगितलं, तिच्यासाठी नव्हे, मला ते तोंडात थोडा वेळ हवं होतं.

आणि पाठीत धपाटा बसला. म्झियाने शब्द पाळला. पूर्ण हाताने, दोन खांद्यांच्या मध्ये, असा की माझा श्वास अडकला आणि कपाळ निनोच्या दंडावर आपटलं. दारातली नर्स दचकून पुढे आली. निनोने तिला हाताने थांबवलं. दुसरा धपाटा बसला. मग म्झियाने तोच हात तिथेच ठेवला आणि उचलला नाही, आणि तेव्हा खोलीतले सगळे एकदम रडायला लागले.

नर्सने कार्डावरचं छापील नाव खोडून त्याच्यावर पेनने लिहिलं. स्पेलिंग विचारलं. दोनच अक्षरं, निखिलने सांगितली.

इतक्या लहान बाळाला आमच्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. त्यांच्यातही पुरतात. या एका बाबतीत आमचं एकमत व्हायला वेळ लागला नाही. शहराच्या बाहेर, सपाट, पिवळी जमीन, कुठे हिरवं काही नाही. म्झियाने स्वयंपाकघरातून तो अक्रोडांचा दोरा आणला होता, तो सोबत ठेवला. मी मूठभर हरभरे ठेवले, घुगऱ्यांसाठी आणलेले, कच्चेच. रुबिनाभाभी गाडीतच थांबल्या होत्या. परतल्यावर त्यांनी सगळ्यांना खिचडी वाढली आणि आम्ही जेवलो, कारण त्या उभ्या राहून बघत होत्या.

नाशिक

परतीची बॅग हलकी होती. आळीव, सुंठ आणि लाडू निनोसाठी ठेवून आले. बाळंतिणीला ते लागतंच, बाळ असो नसो. दुपटी आणली. कुंची निनोने मागून घेतली.

म्झिया विमानतळावर आली होती. तिलाही दोन दिवसांनी निघायचं होतं, पण निनो सोबत जायला तयार नव्हती. इथून हलणार नाही म्हणाली. ती तिथेच आहे, निखिलही तिथेच. कामावर जातो. फोन केला की आवाजावरून कळत नाही, आणि न कळणंच जास्त वाईट. आईला मी सगळं सांगितलं. तिने विचारलं, "देवाचं ठेवलंस?" मी म्हटलं, फुलाचं. ती नाव म्हणून बघायला लागली, तिला पहिल्या प्रयत्नात जमलं. तक्त्यात मी तो रकाना भरलाच नव्हता.

विमानात सीटला पाठ टेकली की दुखायचं. घरी आल्यावरही काही दिवस दुखत होतं. कुशीवर वळताना, कपडे वाळत घालायला हात वर केला की, दोन खांद्यांच्या मध्ये नेमक्या जागी. मी मलम लावलं नाही. परवा सकाळी उठले, तर दुखत नव्हतं. मी हात मागे नेला, जेमतेम पोचतो तिथवर, आणि ती जागा दाबून दाबून पाहिली.